ईयू ब्लू कार्ड: अडीच वर्षं वापरल्यानंतर

ब्लू कार्ड म्हणजे युरोपियन युनियनबाहेरच्या शिकलेल्या माणसांना तिथल्या देशात नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना. ते हातात पडलं की सगळे आधी कार्डाचा फोटो काढून घरी पाठवतात. मीही पाठवला होता. पण कार्डासोबत एक हिरवट घडीचा कागद मिळतो, जर्मनीत त्याला त्सूझात्सब्लाट म्हणतात, म्हणजे पुरवणी. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो आधी वाचा. कार्डावर फक्त तुमचा फोटो आणि तारखा असतात, अटी त्या पुरवणीत असतात.

माझ्या पुरवणीवर कंपनीचं नाव होतं, माझ्या पदाचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं की नोकरी बदलायची असेल तर आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागेल. सहा महिन्यांनी नवरा आला, त्यालाही तसाच कागद मिळाला. त्याच्यावर दोनच शब्द होते: एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट. कमाईचं कुठलंही काम करायला परवानगी. दोन्ही कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले होते. ज्या नोकरीच्या जोरावर आम्ही दोघं इथे आलो ती माझी. पण उद्या बेकरीत, गोदामात, ऑफिसात, कुठेही कामाला लागायची मोकळीक त्याला होती, मला नव्हती.

मी पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांची, प्रोग्रॅमर आहे. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल आणि त्यामागचं लॉजिक हे माझं काम. फेब्रुवारी २०२२ मध्ये दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या काठावरच्या एका छोट्या शहरात आले. पगार वर्षाला ४८,००० युरो ब्रुटो, म्हणजे कर आणि विमा कापायच्या आधीचा. त्या वर्षी ब्लू कार्डासाठी साधारण पगारमर्यादा ५६,४०० युरो होती, आणि इंजिनिअर, डॉक्टर, आयटी अशा तुटवड्याच्या व्यवसायांना ४३,९९२. मी दुसऱ्या खान्यात बसले. त्या खान्यातल्या माणसाचा कागद बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइटकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेकडे जातो. ते बघतात की त्याच कामाला जर्मन माणसाला जो पगार, जे तास, ज्या सुट्ट्या मिळतात, त्या तुम्हालाही मिळतायत ना.

या तपासणीबद्दल मी आधीच चांगलं बोलून घेते, कारण पुढे तक्रार आहे. ही तपासणी हवीच. मला पहिल्या महिन्यापासून शेजारच्या टेबलावरच्या जर्मन सहकाऱ्याइतकाच पगार मिळाला. मी स्वस्तात मिळते म्हणून मला आणलंय असं कोणाला वाटायची सोय राहिली नाही. माझी मान ताठ राहिली, त्याचीही नोकरी सुरक्षित राहिली. ब्लू कार्डातली सर्वांत चांगली गोष्ट कुठली असं विचाराल, तर मी हीच सांगेन. नवऱ्याला जर्मन भाषेच्या परीक्षेशिवाय येता आलं आणि आल्याबरोबर काम करता आलं, ती दुसरी.

आता तक्रार. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या शॉपफ्लोअरवरचा एक मशीनिस्ट जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. तो बल्गेरियाचा, रुसे नावाच्या शहरातला. रुसेही डॅन्यूबच्याच काठावर आहे, त्यामुळे आमची पहिली ओळख नदीवरूनच झाली होती. ऑस्ट्रियात लिंझला एका कंपनीला मशीनिस्ट हवे होते आणि पीएलसीवालेही. "दोघं जाऊ," तो म्हणाला. लिंझ त्याच नदीवर, खालच्या अंगाला.

तो गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला क्युंडिगुंग दिली, म्हणजे नोटीस, आणि जानेवारीत लिंझला कामावर हजर झाला. घर घेतल्यावर तीन दिवसांत पत्त्याची नोंद केली, आणि तीन महिन्यांहून जास्त राहायचं म्हणून चार महिन्यांच्या आत आन्मेल्डेबेशायनिगुंग नावाचा नोंदणीचा दाखला मागितला. एवढंच. ओळखपत्र, कामाचं कॉन्ट्रॅक्ट, झालं. जायच्या आधी त्याने युरेसच्या सल्लागाराला फोन केला होता. युरेस हे युरोपातल्या रोजगार कार्यालयांचं १९९४ पासूनचं जाळं, नोकरी शोधणाऱ्याला फुकट. त्याला काळजी होती ती पेन्शनची. जर्मनीत भरलेली वर्षं वाया जाणार नाहीत, म्हातारपणी दोन्ही देशांतली वर्षं मोजली जातील, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर तो मोकळा झाला. ब्लू कार्डाच्या रिव्ह्यूमध्ये हे सांगायचं कारण म्हणजे तुलना करायची तर ती याच्याशीच करायला हवी. त्याच युरोपात, त्याच कारखान्यातून, त्याच महिन्यात दोन माणसं निघू पाहतात, आणि एकाला विचारावं लागतं, दुसऱ्याला नुसतं कळवावं लागतं.

मी का गेले नाही? तेव्हाच्या नियमाने ब्लू कार्डावर दुसऱ्या देशात सोपेपणाने जायचं तर पहिल्या देशात अठरा महिने काढावे लागत. माझे नऊ झाले होते. आणि अठरा झाले असते तरी ऑस्ट्रियाचा अर्ज, ऑस्ट्रियाची पगारमर्यादा, ऑस्ट्रियाची तपासणी, सगळं नव्याने. कार्डावर युरोपियन युनियनचं नाव असलं तरी ते प्रत्येक देश स्वतः देतो, स्वतःपुरतं देतो. डेन्मार्क आणि आयर्लंड तर या योजनेत नाहीतच.

कायद्यात याची मुळं अगदी सरळ दिसतात. युनियनच्या करारातलं कलम ४५ कामगारांना मुक्त संचार देतं: सदस्य देशाच्या नागरिकाने दुसऱ्या कुठल्याही सदस्य देशात जाऊन काम शोधावं, करावं, आणि पगार, तास, अटी यांत राष्ट्रीयत्वावरून भेदभाव होऊ नये. याचं बीज १९५७ च्या रोम करारात आहे, आणि १९६८ पासून ते पूर्ण अंमलात आलं. त्याच करारात पुढे कलम ७९ आहे, आणि त्याचा पाचवा परिच्छेद म्हणतो की युनियनबाहेरून कामासाठी किती माणसं घ्यायची हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाचाच राहील. माझा सहकारी ४५ मध्ये राहतो, मी ७९ मध्ये.

देशांनी हा हक्क स्वतःकडे ठेवणं मला चुकीचं वाटत नाही. कोणत्याही देशातल्या लोकांना आपल्या गावात घरं किती आहेत, शाळेत जागा किती आहेत, पगार कुठे चाललेत, याची चिंता असणारच. माझा प्रश्न वेगळा आहे. माणूस रीतसर आत आल्यावर, कर भरू लागल्यावर, त्याला एका मालकाच्या नावाशी बांधून ठेवल्याने कोणाचं भलं होतं?

याचं उत्तर मला माझ्या त्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या गोष्टीत मिळालं. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २००७ ला युनियनमध्ये आले, पण जुन्या सदस्यांना सात वर्षांपर्यंत आपला श्रमबाजार बंद ठेवायची मुभा होती. जर्मनीने ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरली. २००४ मध्ये आलेल्या पोलंड आणि इतर देशांच्या बाबतीतही तेच केलं होतं, २०११ च्या एप्रिलअखेरपर्यंत. नोकरीला बंदी होती, पण स्वतःचा धंदा काढायला नव्हती. मग काय झालं? त्याचे वडील २००८ मध्ये म्युनिकला आले, धंद्याची नोंद केली, आणि कागदोपत्री 'मालक' झाले. एकाच बांधकामावर फरशा बसवणारे दहा जण, दहाही जण मालक. सकाळी एकाच माणसाकडून काम घ्यायचं, संध्याकाळी त्यालाच बिल द्यायचं. शिडीवरून पडून पाय मोडला तेव्हा आजारपणाचा पगार नाही, कारण मालकाला कोण पगार देणार? शेजारच्या जर्मन फरशीवाल्याचा दरही त्यामुळे खालीच ओढला गेला. ज्याच्या रक्षणासाठी दार बंद ठेवलं होतं, त्यालाच फटका बसला.

१ जानेवारी २०१४ ला बंदी उठली. त्या महिन्यात त्यांना खरं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, विम्यासकट. जानेवारी २०१४ ची ती पहिली पगाराची स्लिप त्यांनी रुसेच्या घरी कपाटात जपून ठेवली आहे. मुलाने मला तिचा फोटो दाखवला. साधा घडी पडलेला कागद, खाली आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा अशा कपातींच्या ओळी. कपातीच्या त्या प्रत्येक ओळीवर त्यांनी पेन्सिलने बरोबरची खूण केली होती.

माझ्या बाबतीत मार्च २०२३ मध्ये तशीच गाठ पडली, अर्थात पुष्कळ सौम्य. आमचा विभाग गुंडाळणार अशी कुजबुज सुरू झाली आणि मला जवळच दुसरीकडून ऑफर आली, ५४,००० युरोची. काम तेच, पगार जास्त. पण पहिल्या दोन वर्षांत नोकरी बदलायची तर तेव्हाच्या नियमाने परवानगी लागायची, आणि परवानगी येईपर्यंत जुनी नोकरी सोडता येत नव्हती. नव्या कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट, पदाचं वर्णन, डिग्रीच्या मान्यतेचा कागद, सगळं पाठवलं. बुंडेसआगेंटूरला दोन आठवड्यांची मुदत असते. तेवढ्यात त्यांनी काही विचारलं नाही तर होकार धरला जातो, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. वेळ गेला तो स्थानिक कार्यालयात टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळण्यात. एकूण अकरा आठवडे.

त्या अकरा आठवड्यांत मी काय काय केलं नाही ते सांगते. पगारवाढ मागितली नाही. दोन शनिवार जास्तीचं काम सांगितलं, ते मुकाट्याने केलं. एका कामाची चूक माझ्यावर ढकलली गेली तेव्हा बोलले नाही. कोणी मला धमकी दिली नव्हती. माझ्या मॅनेजरला माझ्या पुरवणीवर काय लिहिलंय हे माहीतही नसेल. पण मला माहीत होतं. जुनी नोकरी गेली आणि नवीची परवानगी आली नाही, तर माझ्या कार्डाबरोबर नवऱ्याचंही राहणं धोक्यात येतं, हे डोक्यात असलं की माणूस आवाज खाली ठेवतो. आणि एकाच विभागात एकाने आवाज खाली ठेवला की बाकीच्यांनाही ते जड जातं. आमच्या बेट्रीब्सराटमधल्या, म्हणजे कामगार प्रतिनिधी मंडळातल्या एका बाईंनी मला नंतर हेच सांगितलं: "तुम्ही बोलला नाहीत म्हणून आम्हाला शनिवारचा मुद्दा उचलता आला नाही."

नव्या कंपनीने रुजू व्हायची तारीख एक महिना पुढे ढकलली म्हणून निभावलं. ढकलली नसती तर ही ऑफर गेली असती.

आता जे लोक नव्याने ब्लू कार्ड घेणार आहेत त्यांच्यासाठी महत्त्वाचं: नियम बरेच सुधारले आहेत. युनियनचा २०२१ चा सुधारित निर्देश जर्मनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अंमलात आणला. नोकरी बदलण्यावरची देखरेख दोन वर्षांवरून एका वर्षावर आली, आणि तिथेही आधी परवानगी मागायची गरज उरली नाही. बदल कळवायचा, कार्यालय फार तर तीस दिवस तो रोखून तपासू शकतं. दुसऱ्या देशात जायची अट अठरा महिन्यांवरून बारा झाली. पगारमर्यादा त्या वर्षाच्या ५८,४०० वरून एकदम ४३,८०० वर आली. दरवर्षी ती नव्याने ठरते. २०२५ ची ४८,३०० होती आणि तुटवड्याच्या व्यवसायांना, नव्या पदवीधरांना ४३,७५९.८०. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचा आकडा बघा. जुन्या व्हिडिओंमधले आकडे घेऊन पगाराची बोलणी करू नका.

म्हणून मी जे कार्ड वापरलं त्याला पाचपैकी तीन देते, आणि आज मिळतं त्याला चार. पाचवा तारा मी एका गोष्टीसाठी राखून ठेवलाय, ती पुढे सांगते.

अनेक मराठी मंडळी मला विचारतात की इंग्लंड बरं की जर्मनी. इंग्लंडने २००४ मध्ये पूर्व युरोपच्या कामगारांना पहिल्याच दिवशी दार उघडलं. आयर्लंड आणि स्वीडन सोडले तर बाकीच्यांनी बंद ठेवलं, त्यामुळे अपेक्षेपेक्षा खूपच जास्त लोक तिकडे गेले. गावोगावच्या दवाखान्यांची, घरांची तयारी नव्हती. त्या रागाचाही २०१६ च्या ब्रेक्झिटच्या कौलात वाटा होता. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं ठरवलं, आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी मुक्त संचार संपला. पण नियंत्रण हातात आल्यावर माणसं कमी झाली नाहीत. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेलं, बहुतेक सगळे युरोपियन युनियनबाहेरचे. फरक एवढाच झाला की पोलिश माणूस मालक आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी निघून जाऊ शकत होता, आणि वृद्धांच्या सेवेसाठी व्हिसावर आलेली परिचारिका मालकाने परदेशी माणसं आणायचा परवाना गमावला तर साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायला धावते. मी हे वाचते तेव्हा मला माझे अकरा आठवडे आठवतात, आणि तिचे साठ दिवस त्यापुढे किती कठीण असतील याची कल्पना येते.

जर्मनीने मात्र एका बाबतीत मला दाखवून दिलं की नियंत्रण योग्य जागी कसं लावायचं. कत्तलखान्यांमध्ये रोमानिया, बल्गेरियाचे कामगार वर्षानुवर्षं उपठेकेदारांमार्फत आणले जात. माणूस मुक्त संचाराने आलेला, पण राहायची खोली, गाडी, पगार सगळं ठेकेदाराच्या हातात. २०२० मध्ये कोरोनाची लागण या कारखान्यांमधून झपाट्याने पसरली तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिलं. मग कायदा झाला. १ जानेवारी २०२१ पासून कत्तल आणि मांसकापणीच्या मूळ कामात उपठेकेदारी बंद, माणूस थेट कारखान्याच्या नोकरीत हवा. त्यात कोणाचाही प्रवेश अडवला नाही. कारखान्याची पळवाट अडवली. तपासायचं ते कॉन्ट्रॅक्ट तपासा, पगार तपासा, राहायच्या खोल्या तपासा, आणि दंड मालकाला करा. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टची तपासणी मला आवडली ती याचसाठी. पाचवा तारा मी त्या दिवशी देईन, ज्या दिवशी पुरवणीवर कंपनीचं नाव छापणं बंद होईल आणि फक्त पगाराची किमान पातळी छापली जाईल.

मुक्त संचार म्हणजे सगळं गोड, असंही मी म्हणणार नाही. बल्गेरियाची लोकसंख्या १९८० च्या दशकाअखेर सुमारे ९० लाख होती, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. जन्मदर हे एक कारण आहेच, पण निघून गेलेली माणसंही त्यात आहेत. माझा सहकारी सांगतो, त्याच्या वर्गातल्या मुलांपैकी रुसेमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. पण तो हेही सांगतो की दार उघडं असल्यामुळे लोक परत येऊन बघतात, चार वर्षं राहतात, पुन्हा जातात. जर्मनीला याचा उलटा अनुभव आहे. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कामगार बोलावले, आणि २३ नोव्हेंबर १९७३ ला भरती बंद केली. मुक्त संचार असलेले इटालियन जात येत राहिले. तुर्की कामगारांना मात्र एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी मुलाबाळांना इकडेच बोलावून घेतलं. बंद दारामुळेच माणूस दाराच्या आत ठाण मांडून बसला.

काही सूचना, माझ्या अनुभवातून. बी-१, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन लवकर करा. ब्लू कार्डावर बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नाहीतर आता २७. मी २०२३ च्या शरद ऋतूत परीक्षा दिली, डिसेंबरमध्ये अर्ज केला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नीडरलासुंग्सएर्लाउबनिस, म्हणजे कायमचा परवाना हातात आला. त्याच्यावर अखेर तेच दोन शब्द होते, नवऱ्याच्या पुरवणीवरचे. त्या दिवशी मी त्याचा जुना कागद काढून माझा नवा त्याच्याशेजारी ठेवला.

पण हा परवाना घेताना एक गोष्ट मला उशिरा कळली. तो फक्त जर्मनीचा आहे. ब्लू कार्डासोबत दुसऱ्या देशात सोपेपणाने जायची जी सोय येते, ती या परवान्यात नाही. दुसऱ्या देशात कधी जायचा विचार असेल तर पाच वर्षांनी मिळणारा डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू हा वेगळा परवाना आहे, त्याची चौकशी करा. वेगवेगळ्या देशांत ब्लू कार्डावर काढलेली वर्षं त्यासाठी जोडता येतात. त्यावरही दुसऱ्या देशात अर्ज करावाच लागतो, आणि आपला श्रमबाजार तपासायचा हक्क तो देश राखून ठेवू शकतो, पण निदान रांगेत पुढची जागा मिळते.

लिंझच्या कंपनीत अजूनही पीएलसीवाल्यांच्या जागा निघतात. तो मला लिंक पाठवत असतो. माझी पाच वर्षं फेब्रुवारी २०२७ मध्ये पूर्ण होतील.